चुकण्याचा संभव नाही

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी माळा आवरण्याचा एक वार्षिक सोहळा होतो. मी स्टुलावर चढून वरची एकेक वस्तू खाली द्यावी आणि सौभाग्यवतीने तिची रवानगी 'ठेवायचे' किंवा 'रद्दी' यांपैकी एका ढिगात करावी, अशी कामाची वाटणी वर्षानुवर्षे चालत आली होती. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांचा विचार करून स्टुलावर आमच्या मुलीची मुलगी चढली. ती कॉलेजात शिकते. वस्तू खाली देण्याआधी ती वाचून पाहण्याची तिला खोड आहे, त्यामुळे तासाभराच्या कामाला सकाळ पुरली नाही.

अशात तिच्या हाती एक निळ्या पुठ्ठ्याचे चोपडे लागले. सायक्लोस्टाइल केलेली चाळीस पाने, कडा पिवळ्या पडलेल्या, टाचण्या गंजलेल्या. वर नाव 'सह्याद्रीतील पंचवीस वाटा' आणि खाली लेखक म्हणून अस्मादिक!

"आजोबा, तुम्ही पुस्तक लिहिलं होतंत? आणि या एकाच ओळीवर तांबड्या पेन्सिलीनं एवढ्या रेघा का मारल्यात?"

मी तोंड उघडायच्या आत खालून आजीचे उत्तर गेले, "ती ओळ आम्हांला फार महाग पडली. तुझ्या मामाआजोबांना विचार."

ओळ अशी होती : 'पठारावर आल्यावर ओढा ओलांडावा व मळलेली वाट धरावी. चुकण्याचा संभव नाही.'

ही तीन शब्दांची खात्री मी कोणाला आणि कशी दिली, ते सांगायचे तर थोडे मागे गेले पाहिजे.

मी मुंबईत एका कचेरीत नोकरीला होतो. आम्हां सात-आठ जणांना डोंगराचे वेड होते. शनिवारी रात्री कसारा किंवा कर्जत गाठायचे, रविवारी डोंगर चढायचा आणि सोमवारी लंगडत कचेरीत हजर व्हायचे, हा आमचा क्रम. हळूहळू इतर मंडळी विचारू लागली, 'अहो, आम्हांलाही सांगा की, कुठे उतरायचे, किती चालायचे, पाणी कुठे मिळते.' प्रत्येकाला तोंडी सांगून कंटाळा आला, तेव्हा कोणीतरी म्हणाले, 'तुम्ही लिहूनच का काढत नाही?' झाले! माणसाला लेखक व्हायला एवढे निमित्त पुरते.

पुस्तक हाती घेऊन डोंगर चढण्याची चाल तशी जुनी आहे. इंग्लंडात वर्डस्वर्थसारख्या कवीने आपल्या सरोवरांच्या प्रदेशाची वाटाडी पुस्तिका लिहिली. 1810 साली ती प्रथम दुसऱ्याच्या चित्रसंग्रहाबरोबर विनानावाने निघाली आणि 1835 पर्यंत तिची पाचवी आवृत्ती झाली. लंडनच्या मरे प्रकाशकांनी 1838 साली स्वित्झर्लंडसाठी प्रवाशांचे पुस्तक काढले. आपल्याकडे हे काम आधी सरकारी कागदांत झाले. मी माझ्या पुस्तिकेसाठी ग्रंथालयात बसून 1884 साली निघालेले अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर चाळले होते. कोणत्या किल्ल्याला कोणत्या बाजूने चढ आहे, पाण्याची टाकी कुठे आहेत, हे सारे साहेबाने शिस्तीत नोंदवून ठेवलेले. गंमत अशी की, 1818 साली मराठ्यांचे राज्य घेतल्यावर याच साहेबांनी अलंग-मदनसारख्या कित्येक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या होत्या. आधी वाट मोडायची आणि मग वाटेचे वर्णन लिहायचे!

मराठीत गो. नी. दांडेकरांनी दुर्गांवर जे लिहिले, ते वाचून आमच्या पिढीतली कितीतरी माणसे घराबाहेर पडली. पण त्यांचे 'दुर्गभ्रमणगाथा' वाचले की किल्ल्यावर जीव जडतो, एस.टी.तून कोणत्या फाट्यावर उतरावे, यासाठी निराळे पुस्तक लागते. हरीश कापडियांचे 'ट्रेक द सह्याद्रीज' हे इंग्रजी पुस्तक आमच्यापैकी एकाजवळ होते आणि ते आम्ही पाळीपाळीने वापरीत असू. आनंद पाळंदे यांचे 'डोंगरयात्रा' माझ्या हाती आले, ते माझी पुस्तिका लिहून झाल्यावर. आधी आले असते, तर मी बहुधा लेखणी उचललीच नसती आणि एका माणसाचा घोटा शाबूत राहिला असता.

कचेरी सुटल्यावर मी स्टेन्सिले कापली. शंभर प्रती काढल्या, किंमत दोन रुपये ठेवली. महिन्याभरात प्रती संपल्या आणि मी डबा खाताना लोक माझ्याकडे आदराने पाहू लागले.

आता तो मजकूर वाचताना माझे मलाच हसू येते. 'सोपी चढण', 'अर्ध्या तासात', 'थोडे पुढे गेल्यावर', 'एक मोठे झाड'. यांतला अर्धा तास हा माझ्या तेव्हाच्या पायांचा आहे, आणि ते पाय पस्तिशीतले होते. झाड कोणते, ते मला ठाऊक नव्हते म्हणून 'मोठे' म्हटले. त्या जंगलात लहान झाड शोधूनच काढावे लागते. खेडेगावातला माणूस 'हे काय, इथंच' म्हणतो आणि आपण दोन तास चालतो, यावर आम्ही शहरी माणसे पोट धरधरून हसतो. पण त्याचे 'इथंच' आणि माझा 'अर्धा तास' यांत फरक एवढाच की, माझे छापलेले होते.

हरिश्चंद्रगडाची वाट मी याच झोकात लिहिली होती. खिरेश्वराच्या बाजूने तोलार खिंडीत यायचे, तिथला वाघाचा दगड पाहायचा, मग कातळाचा टप्पा चढून वर पठारावर. तिथून कारवीच्या रानातून, टेकाडांमागून टेकाडे ओलांडीत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापर्यंत. मी ही वाट डिसेंबरात चाललो होतो. आभाळ निरभ्र, गवत वाळलेले, तारामतीचे शिखर समोर स्वच्छ दिसत होते. त्या दिवशी सात वर्षांचे पोरही चुकले नसते. म्हणून मी लिहिले, 'चुकण्याचा संभव नाही.'

1986 साली 15 ऑगस्ट शुक्रवारी आला. शनिवारची रजा टाकली की रविवारपर्यंत तीन दिवस मोकळे. माझा मेहुणा, सौभाग्यवतीचा धाकटा भाऊ, त्याच्या सहा मित्रांना घेऊन हरिश्चंद्रगडाला निघाला. वय तेविशीचे, लग्न ठरलेले, मार्गशीर्षातली तारीखही धरलेली. मी दोन दिवस तापाने अंथरुणात होतो. तो निरोप घ्यायला आला, तेव्हा मी मोठ्या रुबाबात उशाखालून पुस्तिका काढून त्याच्या हातात ठेवली. "हे असलं की मी असल्यासारखंच," असेही म्हणालो. हे वाक्य माझ्या पत्नीने पुढे मला अनेक वेळा ऐकवले आहे.

रविवारी रात्री मंडळी परतायची होती, ती आली नाहीत. सोमवार सबंध गेला. तेव्हा घरोघर टेलिफोन नव्हते. सासूबाई आमच्याकडे येऊन बसल्या. त्या काही बोलत नव्हत्या. फक्त जिन्यात पाऊल वाजले की दाराकडे पाहत होत्या. मी स्वयंपाकघरात जाऊन पुस्तिकेचे ते पान पुन्हा पुन्हा वाचीत होतो. प्रत्येक वाचनागणिक ती ओळ अधिक ठाम वाटत होती आणि माझ्या पोटात अधिक खड्डा पडत होता.

मंगळवारी सकाळी ते आले. सहा जण पायांनी आणि माझा मेहुणा दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. घोट्याचे हाड मोडले होते.

घडले ते असे. मी डिसेंबरात पाहिलेला ओढा एकच होता, आणि तोही कोरडा. श्रावणात पठारावर पाऊलभर वाकडे चालले की एक ओढा. त्यांनी पहिला ओढा लागताच इमानाने तो ओलांडला आणि समोर दिसली ती मळलेली वाट धरली. वाट मळलेली होती खरी, पण ती गुरांनी मळली होती. गुरांच्या वाटा चाऱ्याकडे जातात, देवळाकडे जात नाहीत. कारवी पावसात पुरुषभर वाढलेली, धुके असे की हात पुढे केला तर बोटे दिसू नयेत. दोन तास चालल्यावर पायांखालून पाण्याचा घोष ऐकू आला. कडा जवळ आहे, हे ओळखून एकाने सर्वांना जागच्या जागी थांबवले, म्हणून पुढचे टळले. मागे फिरताना मेहुण्याचा पाय घळीत गेला. दोन रात्री त्यांनी एका कपारीत काढल्या. काड्यापेट्या भिजून गेल्या होत्या. बरोबरचा चिवडा ओला झाला होता, तो मुठीमुठीने वाटून खाल्ला.

रविवारी सकाळी हाका मारीत एक म्हातारे बाबा आले. त्यांना पाहून या मंडळींना वाटले, आपल्याच शोधासाठी देवाने माणूस पाठवला. बाबा त्यांची हरवलेली म्हैस शोधीत होते! म्हैस त्यांनी तूर्त सोडून दिली. घरून आणखी तिघांना बोलावून आणले, घोंगडीची झोळी केली आणि मेहुण्याला पलीकडे पाचनई गावात उतरवले. स्वतःच्या घरात ठेवले, चुलीजवळ निजवले, भाकरी-आमटी खाऊ घातली. दुसऱ्या दिवशी राजूरला जाणाऱ्या गाडीत बसवून दिले. पैसे देऊ केले, ते घेतले नाहीत.

चुलीपाशी बसलेल्या त्या मंडळींना बाबांनी विचारले होते, "पावसात हिकडं कशापायी आलात?" कोणी तरी माझी भिजलेली पुस्तिका काढून ती ओळ वाचून दाखवली. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चुकायचं न्हाई असं लिव्हलंय? आरं, हितं धुक्यात आमची जनावरं चुकत्यात."

मेहुण्याने हे मला सांगितले, तेव्हा त्याचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. त्याने रागाचा एक शब्दही काढला नाही. रागावला असता तर बरे झाले असते, असे मला वाटले. मार्गशीर्षात तो काठी घेऊन बोहल्यावर उभा राहिला. सप्तपदीला सात पावले टाकताना त्याची मुद्रा पाहवत नव्हती. मांडवात सर्वांचे डोळे त्याच्या पायांकडे आणि मग माझ्याकडे वळत होते.

पण त्याआधी, त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर, मी पाचनईला गेलो. सौभाग्यवती त्या प्रकारानंतर माझ्याशी कामापुरतेच बोलत होती. निघायच्या आदल्या रात्री तिने न सांगता फराळाचा मोठा डबा बांधून माझ्या पिशवीत ठेवला आणि वर एक नवी चादर. "बाबांना द्या," एवढेच म्हणाली. आमचा अबोला त्या डब्याबरोबर सुटला.

बाबांनी चकली तोंडात टाकून डब्याकडे पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "पाव्हण्याचा पाय कसा हाय?" मी सांगितले. म्हशीची चौकशी केली, तर ती तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आली होती. मग मी म्हटले, "बाबा, ते पुस्तक मी लिहिलं."

ते हसले. उठले, काठी घेतली आणि म्हणाले, "चला मग, वाट दावतो."

तो संबंध दिवस मी त्यांच्यामागून चाललो. माझ्या पुस्तिकेत जिथे 'थोडे पुढे' होते, तिथे त्यांच्याजवळ दर वळणाला नाव होते. कोणती वाट गुरांची आणि कोणती माणसांची, हे ते मातीवरून सांगत. गुरांची वाट झुडपांखालून वाकून जाते. माणसांच्या वाटेवर वरच्या फांद्याही मोडलेल्या असतात. कोणत्या ओढ्याचे पाणी उन्हाळ्यात टिकते, धुके उतरू लागले की किती वेळात पठार झाकले जाते, दगडांची लगोरी वाटाड्याने रचलेली कोणती आणि पोरांनी खेळ म्हणून रचलेली कोणती, हे सारे त्यांनी चालता चालता सांगितले. वाट विचारण्याचीही एक रीत त्यांच्याकडून मला कळली. 'ही वाट गडावर जाते ना?' असे विचारू नये. समोरचा माणूस भिडेने 'व्हय' म्हणतो. 'गडावर कोणती वाट जाते?' असे विचारावे, म्हणजे त्याला बोट दाखवावेच लागते.

परत आल्यावर मी विकलेल्या प्रतींपैकी मिळाल्या तेवढ्या गोळा केल्या. कचेरीत टेबलाटेबलाशी जाऊन प्रत मागून घेई, ती ओळ तांबड्या पेन्सिलीने खोडी आणि समासात लिही, 'पावसाळ्यात व धुक्यात चुकण्याचा पुष्कळ संभव. गावातून माणूस बरोबर घ्यावा.' एकोणसाठ प्रती सुधारल्या. उरलेल्या एक्केचाळीस कुठे गेल्या, कोणाच्या हाती पडल्या, हे मला कधीच कळले नाही. पुढची कित्येक वर्षे वर्तमानपत्रात हरिश्चंद्रगडाचे नाव दिसले की मी आधी तारीख आणि मग माणसांची संख्या वाचीत असे. पुस्तिका मी पुन्हा काढली नाही.

पुष्कळ वर्षांनी, 2014 साली, मी मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो. त्याला माझे डोंगराचे वेड माहीत. त्याने मला वर्डस्वर्थच्या त्या सरोवरांच्या प्रदेशात नेले. विंडरमिअर स्टेशनातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की ऑरेस्ट हेड नावाच्या टेकडीची वाट सुरू होते. उंची जेमतेम 783 फूट; माझे गुडघेही कुरकुरले नाहीत. 1930 साली आल्फ्रेड वेनराइट नावाचा तेवीस वर्षांचा एक कारकून याच टेकडीवर आला होता. कापडगिरण्यांच्या ब्लॅकबर्न गावचा, तेराव्या वर्षी शाळा सुटलेला मुलगा. वरून सरोवर आणि पलीकडची डोंगरांची रांग पाहिली आणि त्याचे आयुष्य तिथे अडकले. पुढे त्याने जवळच्या केंडल गावी नगरपालिकेत नोकरी धरली आणि 1948 साली तिथला खजिनदार झाला.

मुलाने त्याची पुस्तके माझ्या हातात दिली आणि मी जवळच्या बाकावर बसलो तो उठेचना. 1952 च्या नोव्हेंबरात या माणसाने ठरवले की, या प्रदेशातले डोंगर एकेक करून चढायचे आणि लिहायचे. तेरा वर्षांचा हिशेब बांधला. मोटार नव्हती, सुटीच्या दिवशी बसने जायचा, चालायचा, रात्री घरी बसून लिहायचा. 214 डोंगर, सात भाग. पहिला 1955 साली, सातवा 1966 साली. छापखान्याचे अक्षर कुठे नाही. मजकूर, नकाशे, चित्रे, सारे त्याच्या हातचे, आणि त्याच हस्ताक्षराची छपाई. सुरुवातीची शंभराच्या आसपास पाने लिहून झाल्यावर त्याच्या ध्यानात आले की, ओळींची उजवी कड सरळ येत नाही. त्याने ती पाने बाजूला टाकली आणि पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ केला.

ओळीची कड वाकडी म्हणून शंभर पाने टाकणारा तो माणूस आणि अख्खी ओळच वाकडी असताना शंभर प्रती विकणारा मी! मुलाने विचारले, "बाबा, पाय दुखतात का?" मी हो म्हणालो. ते सांगणे सोपे होते.

पण त्याच पुस्तकांच्या दुकानात आणखी एक गोष्ट पाहिली. वेनराइट 1991 साली वारला. त्याची राख त्याच्या इच्छेप्रमाणे हेस्टॅक्स नावाच्या आवडत्या डोंगरावर विखुरली आहे. त्याच्यामागे वाटा बदलत राहिल्या. तेव्हा 2005 पासून क्रिस जेस्टी नावाच्या दुसऱ्या गृहस्थांनी ते डोंगर पुन्हा चालून त्याच धाटणीत सुधारलेली आवृत्ती तयार केली. एवढ्या काटेकोर माणसाचेही पुस्तक दुसऱ्याला पुन्हा तपासावे लागले. त्या दिवशी माझे मन थोडे हलके झाले. चूक झाली याचे नव्हे. पुस्तिका कायमची माळ्यावर टाकली, याचे मला प्रथमच वाईट वाटले. वाट चालती ठेवावी लागते, तशी वाटेची माहितीही.

तर गेल्या दिवाळीत ही सारी हकीकत ऐकून नात म्हणाली, "आजोबा, आम्ही डिसेंबरात हरिश्चंद्रगडाला जाणारच आहोत. ही प्रत मी नेऊ?"

मी म्हटले, "नेऊ नकोस. तुमच्या फोनमध्ये सारी वाट रेघेने दाखवतात ना?"

"दाखवतात. पण ती रेघसुद्धा कोणीतरी चाललेलीच असते ना? तो कोणत्या महिन्यात चालला होता, ते कुठे सांगतात?"

प्रत तिला दिली. आजीने फराळाचा डबा जपून ठेवलेला नव्हता, म्हणून बेसनाचे लाडू नव्याने केले.

ती चार दिवसांनी आली. पाचनईपर्यंत आता मोटारी जातात. गावातल्या कितीतरी घरांतून आल्या-गेल्याला जेवण मिळते, राहायची सोय होते, वाट दाखवायला पोरे येतात. सुटीच्या दिवशी गडावर तंबूंची गर्दी असते. बाबा जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांच्या घरी तिने लाडू दिले. त्यांच्या सुनेला घोट्याचा पाव्हणा आठवत होता. तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आली होती आणि रात्रभर चूल तिनेच पेटती ठेवली होती. हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. मी विचारलेच नव्हते.

नातीने पुस्तिका माझ्यापुढे ठेवली. माझ्या तांबड्या रेघांखाली, समासात, तिने निळ्या शाईने लिहिले होते. आधी तारीख. मग, 'ओढ्यात पाणी नव्हते. दोन वाटा सारख्याच मळलेल्या दिसल्या. विचारून गेले.'

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. पावसाळ्यात घोटा दुखू लागला की तो मला फोन करून कळवतो. पण हा डिसेंबर होता. नातीने त्याला समासाचा फोटो पाठवला होता.

"भावोजी," तो म्हणाला, "दुसरी आवृत्ती काढा आता. पण तपासायला मला द्या."

पुस्तिका आता माझ्या टेबलावर आहे. पंचवीसपैकी चार वाटा मंडळी पुन्हा चालून आली आहेत. उरलेल्या एकवीस वाटांच्या समासांत अजून जागा कोरी आहे.